जुनी कट्यार हातात आली की आधी घासू नका, आधी बघा

दसरा जवळ आला की मला दोनतीन फोन ठरलेले असतात. माळ्यावर पणजोबांची कट्यार सापडली, फार काळी पडलीय, कशाने घासू? माझं उत्तर एकच असतं, बाबा आधी खाली ठेव, चारही बाजूंनी फोटो काढ आणि बिंबलं, चिंच, लिंबू, पितांबरी सगळं स्वयंपाकघरातच राहू दे. आपल्याकडे गोव्यात तांब्यापितळेला बिंबलं लावायची सवय हाताला इतकी बसलेली असते की पोलादालाही तेच लावलं जातं, आणि आंबटाने पातं एका दुपारीत करडं पडतं ते पुन्हा कधी पूर्वीसारखं होत नाही.

मी पहिला घेतलेला पेशकब्ज, म्हणजे जाड पाठीचा टोकदार खंजीर, असाच घालवला. म्हापशाला एकाकडे बफ मारायला, म्हणजे मशीनच्या फिरत्या चाकावर घासून चमकवायला दिला, संध्याकाळी आरशासारखा चकचकीत होऊन आला आणि मी खुश. नंतर एका जाणकाराने हातात घेऊन फक्त पाठीच्या कडेवरून बोट फिरवलं. इंग्रजी टी अक्षरासारखी जी जाड पाठ असते तिची धार असलेली कड गोल होऊन गेली होती, मुठीजवळची बारीक नक्षी अर्धी पुसली होती. ते मला अजून लागतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

ओरिजिनल कंडिशन म्हणजे नवीन दिसणं नव्हे. हत्यार वापरलं गेलं, म्यानात राहिलं, हाताळलं गेलं, त्याच्या खुणा जिथे असायला हव्यात तिथेच आहेत का, एवढंच बघायचं. आणि त्यासाठी पातं शेवटी बघायचं, आधी बघायचे ते हात न पोचणारे कोपरे.

कट्यारीचंच घ्या. दोन बाजूला उभ्या पट्ट्या आणि मध्ये मुठीत धरायच्या आडव्या दांड्या. दहापट भिंग आणि एक बारीक टॉर्च घ्या, टॉर्च वरून नाही तर आडवा धरा म्हणजे सावली पडते. आडव्या दांड्यांचा तळहाताकडचा भाग गुळगुळीत झालेला हवा, आणि त्याच दांड्या जिथे पट्टीला मिळतात त्या कोनात जुन्या कानशीचे ओरखडे, काळी मळकट साय, सुकलेलं तेल असं काहीतरी शिल्लक हवं. सगळीकडे सारखीच झीज असेल, कोनातही आणि दांडीवरही, तर ती हाताने झालेली नाही, मशीनने किंवा अ‍ॅसिडने केलीय. मग पात्याचे रिव्हेट बघा. दख्खनी आणि मराठी कट्यारींत पुष्कळदा युरोपियन तलवारीचं, म्हणजे फिरंगी पातं कापून रिव्हेटने जोडलेलं असतं, पात्यावर लांब पन्हळी दिसतात त्या टोकाकडे अचानक संपतात, कारण मुळात पातं त्याहून लांब होतं. हे नकली नाही हां, उलट हे त्या काळचंच काम, पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांनी आणलेल्या पात्यांना इथे फार मान होता. रिव्हेटचं डोकं आणि आजूबाजूचं लोखंड एकाच रंगाचं काळं पडलेलं असेल तर जोड जुना. रिव्हेट चकचकीत आणि भोवती करडी गोल घासलेली जागा असेल तर कुणीतरी हल्ली खोललंय.

गंजाचंही तसंच. जुना गंज काळा-तपकिरी, घट्ट बसलेला, नखाने निघत नाही, आणि खड्डे लहानमोठे, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी असतात. केशरी, पावडरीसारखा, बोटाला लागणारा गंज म्हणजे एकतर तो अजून चालू आहे नाहीतर मुद्दाम आणलेला आहे, आणि सगळ्या पात्यावर सारख्याच खोलीचे खड्डे दिसले की मी ती वस्तू सरळ परत ठेवतो.

मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी असेल तर सोनं जिथे उडालंय तिथे भिंग लावा. आधी पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात, त्यामुळे सोनं गेलं तरी जाळी राहते. खाली गुळगुळीत लोखंड दिसलं तर तो नुसता मुलामा किंवा रंग. वूट्झ, म्हणजे जुन्या हिंदुस्थानी पद्धतीचं नक्षीदार पोलाद, त्याचं पाण्यासारखं जाळं पात्याच्या पाठीवरही चालू राहिलं पाहिजे, फक्त दोन सपाट बाजूंवरच असेल आणि कडेला येऊन तुटत असेल तर ते वरून कोरलेलं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांबद्दल सांगायला हवी. सत्तरी, पेडणे, डिचोली या भागातल्या जुन्या देसाई-राणे घरांतली हत्यारं दरवर्षी खंडेनवमीला बाहेर निघतात, राखेने नाहीतर विटेच्या भुग्याने घासून पूजेला लागतात. शंभर वर्षं असं घासून पातं अरुंद होतं, नक्षी मऊ पडते. बाहेरचा संग्राहक याला खराब म्हणेल, मी म्हणणार नाही, ही पण त्या हत्याराची खरी आयुष्यरेषा आहे, आणि घासलेल्या सपाट भागाशेजारी खोबणीत काळपट साय राहिलेली असते त्यावरून ते बफपेक्षा वेगळं ओळखू येतं. पुढे घासायचं थांबवा, हळदकुंकू पात्यावर न टाकता ताटात ठेवा, एवढंच.

विकणारा "शिवकालीन" म्हणाला किंवा "१८५२ च्या दीपाजी राण्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या बंडातली" म्हणाला तर ऐकून घ्या, पण पैसे गोष्टीचे देऊ नका. कागद, जुना फोटो, घराण्याची नोंद असेल तरच गोष्टीला किंमत. पोर्तुगीज संगिनीचं सोपं, तिथे धातूवरच लिहिलेलं असतं, मेकरचा शिक्का, नंबर. पात्यावरचा आणि म्यानावरचा नंबर जुळला तर फार चांगलं, मुठीचे स्क्रू स्क्रूड्रायव्हरने फाटलेले नकोत, आणि धार दगडावर नंतर काढलेली असेल तर किंमत उतरवा.

कायद्याचं थोडक्यात पण गंभीरपणे. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली खंजीर, संगीनही शस्त्रात मोडतात, घेण्याआधी आपल्या पोलीस स्टेशनवर विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती लिस्बनच्या मामाला भेट म्हणून पाठवता येत नाही. हस्तिदंती मूठ असेल तर वन्यजीव कायदा लागतो, मी अशा वस्तूच्या वाटेलाच जात नाही.

आता ठेवायचं कसं. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीलाही बुरशी येते, तर पोलादाचं काय होत असेल. पातं चामड्याच्या म्यानात कधी ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला गंज आणतात, पितळेवर हिरवा कळंक चढवतात. म्यान शेजारी वेगळं ठेवा. केशरी गंज असेल तेवढ्याच जागी पातळ मशीन ऑईलचा थेंब, दोन दिवस थांबा, मग सुती फडक्याने पुसा, सँडपेपर नाही, तारेचा ब्रश नाही. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेल. उघड्या हाताने पात्याला हात लावलात तर लगेच पुसा, घामाचा ठसा दोन दिवसांत बोटाच्या रेघांसकट गंजून उमटतो. माझ्याकडे जून ते सप्टेंबर दर रविवारी डबा उघडायचा, जेल ओलं झालं असेल तर बदलायचं, कोपऱ्यांवर टॉर्च मारायचा आणि झाकण लावायचं.