पाइप नव्याने ओढताना

परभणीच्या उन्हाळ्यात पाइपची तंबाखू उघडी राहिली की बघता बघता कुरकुरीत होते, आणि अशी तंबाखू भसाभसा जळून जीभ पोळते. ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीतच ठेवा. पाइपच्या वाटीत तंबाखू भरताना तळाशी अगदी सैल, वर किंचित दाबून. न पेटवता ओढून पाहा, हवा सहज आली पाहिजे. पहिली काडी लावली की तंबाखू फुगून वर येते. ती हलकेच दाबा, मग दुसरी काडी. वाफाळता चहा घोटघोट पितो तसे छोटे झुरके घ्या. नवख्याची घाई इथंच नडते. धूर छातीत ओढू नका. तरीही तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. वाटी हाताला चटका देऊ लागली की पाइप खाली ठेवा, विझू द्या.