स्पीकर ऐकेनासा झाला तर आधी राउटर बघा

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरी सकाळी साडेसहाला आजी बोलून चालणाऱ्या स्मार्ट स्पीकरला रामरक्षा लावायला सांगते. पावसाळ्यात दिवे जाऊन आले की तो हमखास अडतो: त्याच्यावरच्या दिव्याचं वर्तुळ गरगर फिरतं आणि मग ‘इंटरनेट नाही’. आजी बिचारी पुन्हा पुन्हा हाक मारत बसते.

दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो. वीज आली की राउटरला, म्हणजे घरात वाय-फाय देणाऱ्या डबीला, नेट पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि स्पीकर त्याआधीच जागा होऊन नेट शोधत बसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. दोन्हींचे प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी राउटर लावा. मोबाईलवर नेट आलं, की मगच स्पीकर.

अ‍ॅमेझॉनच्या एको डॉटचं वर्तुळ लाल दिसलं तर माइक बंद आहे. पुसताना माइकचं बटण दाबलं जातं. आमच्याकडे दोनदा झालंय.

रीसेट अगदी शेवटी करा, कारण वाय-फाय आणि सेटिंग पुन्हा भरावी लागते. एको डॉटवर ठिपक्याचं बटण २०-२५ सेकंद दाबून ठेवा, मग नारिंगी दिवा येईपर्यंत थांबा. गूगलच्या नेस्ट मिनीला बाजूच्या खटक्याने माइक बंद करून वर मधोमध साधारण १५ सेकंद, आवाज येईपर्यंत दाबा. बोट मध्येच उचललं तर पुन्हा पहिल्यापासून.

वाय-फायचा पासवर्ड आधीच कागदावर लिहून ठेवा. आमचा देवघराच्या कपाटात आतून चिकटवलाय.