सामायिक रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रांचला कुलूप कसे लावावे

रिलीजच्या आदल्या संध्याकाळी आमच्या एका सहकाऱ्याने गिटच्या (कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीच्या) सामायिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, मुख्य ब्रांचवर (कामाच्या मुख्य शाखेवर) फोर्स पुश केला, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने आपल्या प्रतीने बदलला, आणि दोघांचे दिवसभराचे काम सर्व्हरवरून नाहीसे झाले. एकीच्या लॅपटॉपवर ताजी प्रत होती म्हणूनच ते परत मिळाले. मी त्याला दोष देत नाही, कारण दार आम्हीच उघडे ठेवले होते. ‘आता कोणी पुश करू नका’ असा निरोप ग्रुपवर टाकून भागत नाही. नकार सर्व्हरनेच द्यायला हवा.

गिट स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर आधी रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमधील ‘रिसीव्ह’ विभागात ‘डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स’ आणि ‘डिनायडिलीट्स’ या दोन सेटिंग्ज ‘ट्रू’ कराव्यात. पहिलीमुळे इतिहास पुसणारा पुश अडतो, दुसरीमुळे ब्रांच काढून टाकता येत नाही.

परवानगी कोणाला, हे ठरवण्यासाठी ‘हुक्स’ फोल्डरमध्ये (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट्सच्या जागी) ‘अपडेट’ नावाची स्क्रिप्ट लिहावी. पुश आला की गिट तिला ब्रांचचे नाव, जुना हॅश आणि नवा हॅश (हॅश म्हणजे कमिटचा, नोंदवलेल्या बदलाचा, ओळख क्रमांक) या क्रमाने देते. स्क्रिप्टने शून्य परत केले तर बदल स्वीकारला जातो, दुसरा कोणताही अंक आला तर तेवढ्या ब्रांचपुरता नाकारला जातो. नकारासोबत ‘मेन ब्रांच रिलीजपर्यंत बंद आहे’ अशी ओळ जरूर छापावी, कारण ती पुश करणाऱ्याच्या टर्मिनलवर ‘रिमोट:’ या शब्दापुढे उमटते आणि बिचाऱ्याला कारण शोधत बसावे लागत नाही. फाइलला एक्झिक्युट परवानगी नसेल, तर गिट ती चालवतच नाही आणि कुलूप नावापुरतेच उरते.

सर्वांत जास्त चुका ओळख पटवण्यात होतात. कमिटवरील लेखकाचे नाव कोणालाही हवे ते लिहिता येते, म्हणून निर्णय एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या) लॉगिनवरूनच घ्यावा. सगळे एकाच ‘गिट’ खात्यातून येत असतील, तर स्क्रिप्टला माणूस वेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी प्रत्येकाच्या पब्लिक कीनुसार (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीनुसार) वाचण्याचे व लिहिण्याचे हक्क वाटून देणारे गिटोलाइट हे सॉफ्टवेअर बसवावे.

गिट रिपॉझिटरी ठेवण्याच्या गिटहब या वेबसेवेवर हेच काम ब्रांच प्रोटेक्शन ही सोय करते. पण तिथे अ‍ॅडमिनना मूळ सेटिंगनुसार सूट असते, ती आठवणीने बंद करावी.

शेवटी परवानगी नसलेल्या खात्यातून एक क्षुल्लक कमिट पुश करून पाहावा आणि नकाराची ओळ डोळ्यांनी वाचल्यावरच ब्रांच बंद झाल्याचे टीमला कळवावे.