डिस्क टाइमआऊटचा फोन आला की निघायच्या आधीची तयारी

तालुक्याच्या गावातून, जिनिंगवरून नाहीतर पतसंस्थेतून फोन येते की सर्व्हर अटकून राहिला, स्क्रीनवर डिस्क टाइमआऊट (म्हणजे डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही) येऊन राहिलं, तर सगळ्यात आधी फोनवरच सांगायचं की भाऊ, बटन दाबून बंद नका करू. काहून की रिस्टार्ट केलं की कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज पुसले जातात, आणि लॉग जर त्याच अटकलेल्या डिस्कवर लिहिला जात असेल तर तो तिथं पोचलेलाच नसते. त्यांना स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगा, आणि किती वाजता झालं, तेव्हा लाइन गेली होती का हे विचारा.

बॅगेत दोन चांगल्या पॅचकॉर्ड, क्रिम्पिंग टूल, मूठभर कनेक्टर, केबल टेस्टर, मल्टिमीटर, टॉर्च, अडाप्टरसकट एक छोटा गिगाबिट स्विच आणि बॅकअपसाठी रिकामी हार्डडिस्क. कमांडचे नोट्स लॅपटॉपमध्येच ठेवा, तिथं रेंज राहीलच असं नाही. परतीची शेवटची एसटी कितीची आहे तेही विचारून ठेवा, घाईत केलेलं काम अंगावर येते.

तिथं गेल्यावर डीमेसेज (dmesg, कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) काढून आपल्या पेनड्राइव्हवर घ्या. डीएफ (df, डिस्कवर जागा किती ते दाखवणारी कमांड) मारायची घाई नको, एनएफएस (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) अटकलं असेल तर डीएफपण तिथंच लटकते. पीएसमध्ये (ps, चालू प्रोसेसच्या यादीत) डी अक्षरवाल्या प्रोसेस दिसल्या तर त्या डिस्कची वाट पाहून राहिल्या आहेत, बहुतेक वेळा किल माइनस नाइनलाही (जबरदस्तीनं बंद करायच्या कमांडलाही) दाद देत नाहीत.

आता आकडे डोक्यात पाहिजेत. लिनक्स एका स्कझी कमांडला (डिस्कला दिलेल्या हुकमाला) ३० सेकंद देते, आयस्कझी (वेगळ्या स्टोरेजमधली डिस्क नेटवर्कवरून सर्व्हरला जोडायची पद्धत) तुटलेलं सेशन परत यायची १२० सेकंद वाट पाहते आणि मगच वर एरर देते, अन् ५ सेकंदांचा पिंग टाइमआऊट (स्टोरेजला मारलेल्या हाकेला ओ आली नाही) लॉगमध्ये दिसला तर आधी नेटवर्ककडे जा, डिस्ककडे नंतर. काही जण हे आकडेच वाढवून घरी येतात, मला ते बिलकुल पटत नाही, अटकायचं ते अटकतेच, फक्त काउंटरवरचा म्हातारा माणूस आणखी ताटकळते.

मागच्या एका मे महिन्यात एका पतसंस्थेत असंच झालं. डिस्क गेल्या म्हणून नवीन डिस्कचं कोटेशनपण तयार होतं, पण स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागा, शून्य, आणि लॉगमध्ये पिंग टाइमआऊटच पिंग टाइमआऊट, तेही फक्त दुपारचे. मी स्टोरेजच्या खोलीत स्विचसमोर स्टूल टाकून बसलो. थोड्या वेळानं शिपाईदादांनी कूलर लावला आणि स्विचचे सगळे लाइट एकदम विझले, मग एकेक करून लागले, मोबाइलवर मोजलं तर मिनिटभर गेला. सर्व्हर यूपीएसवर, स्टोरेज यूपीएसवर, आणि मधला स्विच कूलरच्या बोर्डावर! दोन मिनिटांच्या आत परत येत होता म्हणूनच त्या लोकांचा डेटा वाचला. म्हणून यादीत हे मोठ्या अक्षरात लिहा, सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत वायर हातानं धरून चालत जायचं आणि प्रत्येक पिन कुठं लागली ते पाहायचं.

केबलचं इथटूलवर (ethtool, नेटवर्क कार्डची माहिती देणारी कमांड) पाहा. हजारच्या जागी स्पीड १०० दिसला किंवा सीआरसीचा (वाटेत बिघडलेल्या पॅकेटचा) आकडा वाढत असला तर उंदरानं कुरतडलेली जागा शोधा, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठे पॅकेट) लावले असतील तर दोन्ही टोकांना ९००० बाइट आणि मधल्या स्विचवर निदान तेवढं तरी पाहिजे, नाहीतर लहान पिंग जाते आणि मोठी फाइल लटकते. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, तेव्हा न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटर लावून दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर खड्ड्यात पाणी टाकायला लावा आणि वायरमनला बोलवा.

फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली असेल तर आधी बॅकअप, मग अनमाउंट, मगच एफएससीके (fsck, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड). माउंट असताना एफएससीके कधीच नाही, कोणी कितीही घाई करो.

काम झाल्यावर लगेच निघू नका. आयोस्टॅट (iostat, डिस्कचा वेग दाखवणारी कमांड) लावून ठेवा, कूलर दोनदा चालू-बंद करा, अवेटचा (डिस्कच्या उत्तराला लागणाऱ्या वेळेचा) आकडा उसळी मारत नाही हे शिपाईदादांनापण दाखवा, आणि स्विचच्या पिनेवर ‘काढू नये’ची चिठ्ठी चिकटवा.