घरी भरीत पार्टी ठेवताय? वरखर्चाचे पैसे आधीच बाजूला काढा
थंडी पडली की जळगाव-भुसावळकडे घरोघरी भरीत पार्ट्या सुरू होतात, सगळे वांगी, तेल, शेंगदाण्याचा हिशोब लावतात पण बजेट कोलमडतं ते वरखर्चाने. म्हणून अंदाजाच्या साधारण 15 टक्के रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे 6000 ची पार्टी असेल तर 900, आणि किराण्यासाठी त्याला हात लावायचाच नाही. चंपाषष्ठीच्या आसपास असाल तर जास्तच धरा, तेव्हा भरताच्या वांग्याला मागणी वाढते आणि भाव चढतात.

20 सांगितले की 26 येतात, पाहुण्यासोबत पाहुणा येणारच आणि आलेला माणूस जेवूनच जायला हवा, त्यामुळे कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ किलोभर जास्त दळून आणा, उरलं तरी भाकरी होतात. वांगी भाजायला काड्या शेतातून फुकट मिळाल्या तरी आणायला रिक्षाभाडं लागतंच! पुऱ्या तळताना सिलेंडर संपू नये म्हणून आदल्या दिवशीच बघून ठेवा. भाड्याची भांडी घेताना आणि परत देताना मोजा, फोटो काढा, एक पातेलं हरवलं तरी डिपॉझिटमधून पैसे कापतात. पाण्याचे जार, पत्रावळी थोड्या जास्तच सांगा.

दुसऱ्या दिवशी पाकिटातून काय काय गेलं ते मोबाईलमध्ये लिहा, पुढच्या पार्टीला तेच आकडे धरायचे.