विद्यापीठाची नवी ऑनलाइन प्रणाली ऑफिसात रुजवताना या चुका टाळा

एटापल्ली, भामरागड, सिरोंचा किंवा तिकडे मेळघाटातलं धारणी. अशा दुर्गम तालुक्यांतल्या कॉलेजांत नवं पोर्टल नीट चाललं नाही, की 'बाबूंना शिकायचंच नाही' असं सरसकट बोललं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. टीसी, मार्कशीट, आवक-जावक हे सगळं ज्यांनी तोंडपाठ सांभाळलं, त्यांना एक पोर्टल जड जात असेल तर आधी आपली शिकवण्याची रीत तपासावी.

पहिली तक्रार बहुधा फॉन्टची येते. "सर, मराठी टायपिंग येते जी, पण इथं टाकलं का कचरा दिसते." बाबूंचं टायपिंग चांगलंच असतं. पण ते ज्या जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करतात, त्यात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवले जातात आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. तोच मजकूर पोर्टलवर चिकटवला की फॉन्ट मागे राहतो आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो. पोर्टलला युनिकोड लागतं, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत. मात्र त्यासाठी पन्नाशीतल्या माणसाला लगेच इनस्क्रिप्ट ही नवी कीबोर्ड मांडणी शिकायला लावू नका. युनिकोडमध्येही रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी मिळते. ती बसवून द्या, म्हणजे बोटांची सवय मोडत नाही. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर वापरा, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. नावात चूक राहिली तर विद्यार्थ्याला पुढे आधारशी नाव जुळवत फिरावं लागतं. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विद्यार्थ्याचे श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणारी व्यवस्था) २०२१ मध्ये आल्यापासून ही जुळणी फार महत्त्वाची झाली आहे.

प्रशिक्षण जून-जुलैत ठेवू नका. तेव्हा प्रवेशांची गर्दी असते, आणि अनेकांच्या घरी पेरणी नाहीतर धानाची रोवणी. हिवाळी परीक्षा आटोपल्यावर जानेवारी बरा. जिल्ह्याच्या सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवण्यापेक्षा बाबूंच्याच टेबलावर, त्यांच्याच संगणकावर, एका खऱ्या विद्यार्थ्याचा परीक्षा फॉर्म त्यांच्याच हातून भरून घ्या. शिकवणाऱ्याने माउस हातात घ्यायचा नाही, कितीही घाई असली तरी.

सगळ्या ऑफिसला एकच पासवर्ड आणि ओटीपी प्राचार्यांच्या मोबाइलवर, ही सोय नेमकी अडचणीच्या दिवशी नडते. प्राचार्य बैठकीला गडचिरोलीला निघाले, वाटेत रेंज गेली, की इथे काम ठप्प. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. चूक कुणाची यावरून होणारे वादही त्याने कमी होतात.

लाइन जाणारच. संगणकाला यूपीएस असतो, राउटरला नसतो, त्यालाही जोडा. लांब मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करायला सांगा.

आणि रजिस्टर? पोर्टलवर भरा, वर रजिस्टरमध्येही लिहा, असं दुहेरी काम महिनोन्‌महिने चाललं तर कोण कंटाळणार नाही? काही आठवडे दोन्ही चालू ठेवून ताळा जुळतो का पाहा. मग रजिस्टर बंद करायची तारीख लेखी काढा. त्या तारखेनंतर हातची नोंद कुणीही मागायची नाही, प्राचार्यांनीसुद्धा.