वेबसाईट बनवताय? आधी डोळे मिटून ऐका तिला

जळगाव-धुळ्याकडे जी पोरं वेबसाईट नाहीतर ॲप बनवून देतात, कुणी पतसंस्थेचं, कुणी क्लासचं, कुणी रावेर-यावलच्या केळीच्या भावाचं, त्यांच्यासाठी लिहितोय. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो त्यालाही ते वापरता आलं पाहिजे, आणि त्यासाठी पहिलं काम कोडिंगचं नाही, ऐकायचं आहे.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर. पण आधी बंद कसं करायचं ते बघून ठेवा बरं का, कारण एकदा चालू झालं की एका टॅपला फोन नुसता वाचून दाखवतो, उघडायला डबल टॅप लागतं, स्क्रीन सरकवायला दोन बोटं, नवीन माणूस पार गोंधळतो. मग उजवीकडे स्वाईप करत आपलंच ॲप पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐका. "अनलेबल्ड बटण, अनलेबल्ड बटण" असं चाललं असेल तर समजा भो, आयकॉन टाकले पण त्यांना नावं दिलीच नाहीत. नाव देताना "हिरवा गोल" नको, "व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या" असं द्या, म्हणजे दाबल्यावर काय होणार ते कळतं.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ, फोटोतली अक्षरं. भावाचा तक्ता फोटो, ॲडमिशनची तारीख फोटो, सभेची नोटीस तर फ्लेक्सचाच फोटो काढून टाकलेला! स्क्रीन रीडरला त्यात बहुतेक वेळा नुसतं "इमेज" दिसतं. ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडलेलं जे वर्णन स्क्रीन रीडर वाचतो त्यात, सगळा तक्ता कोंबू नका, तक्ता सरळ टेक्स्टमध्ये टाइप करा, फोटो हवाच असेल तर सोबत ठेवा. ऑल्ट टेक्स्ट खऱ्या फोटोंसाठी, तेही एका ओळीत, आणि नुसत्या सजावटीच्या चित्राला रिकामं ठेवलं तरी चालतं.

आणि टेक्स्ट म्हणजे युनिकोड हां, कुठल्याही मशीनला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं ती पद्धत. डीटीपीवाल्याकडून येणाऱ्या पीडीएफमध्ये खूपदा जुना फॉन्ट असतो, त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, म्हणून डोळ्याला "केळी" दिसतं पण मशीन भलतंच काहीतरी वाचतं. तपासायला सोपं आहे, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, कचरा आला तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. विकतचं टेम्प्लेट घेतलं असेल तर एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये पानाची भाषा इंग्रजीच राहिलेली असते, तिथे मराठीचा कोड "mr" टाका, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो. अहिराणीत "काय करी राहिना" लिहिलंत तरी देवनागरी असल्यामुळे मराठी आवाज ते वाचतो. पण ॲपमध्ये माहिती माइकवर बोलूनच भरायला लावू नका, टायपिंगची सोय ठेवाच, कारण अहिराणी बोलणाऱ्याचं किंवा ज्याचं बोलणं अडखळतं त्याचं मशीनला नीट कळेलच असं नाही.

रंगाचं थोडक्यात. भाव वाढला हिरवा, पडला लाल, एवढंच नको, शेजारी "वाढ" "घट" लिहा, लाल-हिरव्यातला फरक न कळणारेही आहेत. अक्षर आणि मागचा रंग यात कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, फुकट चेकर मिळतात, आणि भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात मोबाईल बघणाऱ्या चांगल्या डोळ्याच्या माणसालाही त्याचा फायदाच. फॉन्ट २०० टक्के मोठा करून बघा, आपल्या लिपीत खालचे उकार आणि वरच्या मात्रा आधी कापल्या जातात, म्हणून अक्षरांच्या चौकटीची उंची फिक्स ठेवू नका. बटणं मोठी आणि एकमेकांपासून लांब, अँड्रॉइडवर ४८ डीपी (स्क्रीनवरच्या आकाराचं अँड्रॉइडचं माप) धरून चला.

फॉर्ममध्ये "नाव" हा शब्द चौकटीच्या आत फिकट लिहिलेला असतो आणि टाइप केलं की गायब, तो चौकटीच्या वर कायमचा लिहा आणि लेबल म्हणून जोडा. ओटीपीची वेळ संपली तर भरलेली माहिती पुसू नका. चित्राचा कॅप्चा, म्हणजे माणूस आहात का ते तपासणारं कोडं, असेल तर दुसरा पर्याय द्या. "ऑर्डरसाठी कॉल करा" एवढंच लिहिलं तर ज्याला ऐकू येत नाही तो गिऱ्हाईक गेला, मेसेजचा नंबर द्या, आणि व्हिडिओला कॅप्शन टाका.

मालक म्हणेल खर्च कशाला, तर सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने केवायसीच्या, म्हणजे बँक वगैरे ग्राहकाची ओळख तपासतात त्याच्या, प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरलाय. एका क्लिकमध्ये सगळं ॲक्सेसिबल करून देतो म्हणणारे प्लगइन विकत घेऊ नका, बटणाचं खरं नाव त्यांना कुठून माहीत असणार.

कॉम्प्युटरवर माऊस काढून टॅब आणि एंटरवर सगळं होतं का बघा, एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर फुकट आहे, तोही टाका. मग गावातला स्क्रीन रीडर वापरणारा कुणीतरी शोधा, त्याच्याकडून तपासून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या, चहावर भागवू नका. नवीन अपडेट टाकलं की परत एकदा ऐका, खूपदा एखाद्या नव्या बटणाचं नाव टाकायचं राहून जातं आणि तेच नेमकं पेमेंटचं असतं.